कृष्णवर्णीयांचा पाठिंबा कुणाला, आणि का?

१९ ऑक्टोबर २००८ च्या रविवारी कॉलिन पॉवेल यांनी एनबीसी वाहिनीवर डेमोक्रॅटिक उमेदवार बराक ओबामांना पाठिंबा जाहीर केला. पॉवेल रिपब्लिकन. थोरल्या बुश यांच्या काळात ते देशाचे सर्वोच्च लष्करी अधिकारी होते आणि धाकट्या बुश यांच्या काळात परराष्ट्रमंत्री. रिपब्लिकन उमेदवार मॅकेन यांनी उपाध्यक्षपदासाठी सारा पेलिन यांना निवडलं, आर्थिक संकटात त्यांची भूमिका डळमळली, पक्ष फार उजवीकडे सरकला, अशी कारणं त्यांनी मोजून सांगितली. रेडिओवरचे उजवे भाष्यकार रश लिंबॉ यांनी मात्र निकाल देऊन टाकला: हा सगळा वंशाचा मामला आहे. तेवढंच कारण असतं तर सहा, आठ, दहा महिन्यांपूर्वीच पाठिंबा दिला असता, असं पॉवेल त्याच मुलाखतीत सांगून बसले होते. पुढे २०१६ मध्ये त्यांनी हिलरी क्लिंटन यांना आणि २०२० मध्ये जो बायडेन यांना पाठिंबा दिला. ते दोघे गोरे आहेत म्हणून दिला का, असं कुणी विचारलं नाही.

अमेरिकेतले कृष्णवर्णीय रंग पाहून मत देतात, हा समज जुना आहे. इतिहास मात्र वेगळंच सांगतो. त्यांच्या पुढाऱ्यांनी बहुतेक वेळा कृष्णवर्णीय उमेदवाराला बाजूला ठेवून, जिंकू शकेल आणि आपलं संरक्षण करेल असा गोरा उमेदवार निवडला. रंगावर एकगठ्ठा मतदान झालं ते दुसऱ्या बाजूनं, आणि तेही अनेक दशकं.

गुलामगिरी संपल्यावर १८७० मध्ये पंधराव्या घटनादुरुस्तीने वंशावरून मताधिकार नाकारायला बंदी घातली. कृष्णवर्णीय पुरुष मतदानाला गेले ते लिंकनच्या रिपब्लिकन पक्षासाठी. रिपब्लिकन पक्ष हे जहाज आणि बाकी सगळा समुद्र, असं फ्रेडरिक डग्लस यांचं म्हणणं होतं. त्याच वर्षी मिसिसिपीतून हायरम रेव्हल्स हे कृष्णवर्णीय सिनेटमध्ये पोचले. १८७३ मध्ये जोतिराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, तेव्हा दक्षिणेत हा प्रयोग चालू होता. पुढच्या चार वर्षांत तो गुंडाळला गेला. १८७६ च्या वादग्रस्त निवडणुकीत रिपब्लिकन हेझ यांना १८५ विरुद्ध १८४ अशा एका निर्वाचक (इलेक्टोरल) मताने अध्यक्षपद मिळालं, आणि त्या तडजोडीत दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांना असलेलं केंद्राच्या फौजेचं संरक्षण काढून घेतलं गेलं.

मग मताधिकार हिरावण्याचं काम कायद्याच्या भाषेत झालं, कारण पंधराव्या घटनादुरुस्तीमुळे त्यात ‘वंश’ हा शब्द वापरता येत नव्हता. मतदानासाठी कर, साक्षरतेची परीक्षा, ज्यांच्या आजोबांना मत होतं त्यांना या अटींतून सूट. परीक्षा घेणारा गोरा कारकून. पास कोण, नापास कोण, ते तो ठरवणार. लुइझियानात १८९६ मध्ये सुमारे १ लाख ३० हजार कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. १९०४ मध्ये उरले १,३४२. शिवाय दक्षिणेत डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीतच निकाल लागत असे, आणि ती फेरी फक्त गोऱ्यांसाठी असे. सर्वोच्च न्यायालयाने ती मोडीत काढायला १९४४ साल उजाडलं.

उत्तरेतल्या शहरांत गेलेल्यांना मत होतं. मंदीच्या काळात डेमोक्रॅटिक अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या योजनांनी त्यांना रिपब्लिकन पक्षापासून पहिल्यांदा मोठ्या संख्येने फोडलं. १९३६ मध्ये दहापैकी सातांनी डेमोक्रॅटना मत दिलं. तरी निष्ठा पक्की झाली नव्हती. १९५६ मध्ये रिपब्लिकन आयझेनहॉवर यांना सुमारे ३९ टक्के कृष्णवर्णीय मतं होती.

खरी गंमत १९६० ची. त्या ऑक्टोबरमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांना अटलांटातल्या एका दुकानातल्या सत्याग्रहात अटक झाली. बाकीचे सुटले, किंग यांना गाडीच्या परवान्याच्या जुन्या क्षुल्लक प्रकरणावरून चार महिने सक्तमजुरी सुनावून रीड्सव्हिलच्या तुरुंगात नेलं. तिथून ते जिवंत परततील याची घरच्यांना खात्री नव्हती. डेमोक्रॅटिक उमेदवार जॉन केनेडींनी किंग यांच्या गरोदर पत्नीला, कोरेटा यांना फोन केला. त्यांचे भाऊ रॉबर्ट केनेडींनी थेट न्यायाधीशांना गाठलं. किंग यांच्याशी ओळख असलेले रिपब्लिकन उमेदवार निक्सन गप्प राहिले. बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सन निक्सन यांचे प्रचारक. त्यांनी विनवण्या करूनही काही झालं नाही.

किंग यांचे वडील स्वतः प्रोटेस्टंट पाद्री, आणि केनेडी कॅथलिक म्हणून ते निक्सनच्या बाजूचे होते. म्हणजे उमेदवाराचा धर्म पाहून मत ठरवणाऱ्यांपैकीच. मुलगा सुटल्यावर त्यांनी जाहीर केलं की गाठोडंभर मतं आहेत, ती केनेडींच्या पदरात टाकतो. मतदानाआधीच्या रविवारी या फोनची हकिगत छापलेली निळ्या कागदावरची पत्रकं कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये वाटली गेली. गोऱ्या मतदारांच्या कानावर ती फारशी जाऊ नयेत, असाही त्यात हिशेब होता. केनेडी देशभरात सव्वा लाखाहून कमी मतांच्या फरकाने जिंकले. स्वतः मार्टिन ल्यूथर किंग यांनी कुणालाच औपचारिक पाठिंबा दिला नाही.

१९६४ मध्ये डेमोक्रॅटिक अध्यक्ष जॉन्सन यांनी वंशभेदाला बंदी घालणाऱ्या नागरी हक्क कायद्यावर सही केली. त्याविरुद्ध सिनेटमध्ये मत देणारे बॅरी गोल्डवॉटर रिपब्लिकन उमेदवार झाले. कृष्णवर्णीय मतं ९० टक्क्यांहून अधिक जॉन्सनकडे गेली आणि तेव्हापासून त्यांतली बहुतेक डेमोक्रॅटकडेच आहेत. गोल्डवॉटर यांनी स्वतःचं ॲरिझोना सोडून जिंकली ती पाच राज्यं: मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया, लुइझियाना आणि साउथ कॅरोलिना. पिढ्यान्‌पिढ्या डेमोक्रॅट असलेले गोरे एका कायद्यावरून उठून गेले. १९६८ मध्ये वंशभेदाचे उघड समर्थक जॉर्ज वॉलेस तिसऱ्या पक्षातर्फे पाच राज्यं जिंकले. १९६४ नंतर एकाही डेमोक्रॅटिक उमेदवाराला गोऱ्यांची बहुसंख्य मतं मिळालेली नाहीत. कार्टर आणि बिल क्लिंटन, दोघेही दक्षिणेतले गोरे, तरीही नाही.

मताधिकार कायदा १९६५ चा. मिसिसिपीत तोवर जेमतेम ७ टक्के कृष्णवर्णीयांची मतदार म्हणून नोंद होती. दोन वर्षांत ती ६० टक्क्यांजवळ गेली. आता कृष्णवर्णीय उमेदवार उभा राहिला तर?

शर्ली चिझम १९७२ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभ्या राहिल्या. ब्रुकलिनच्या खासदार, काँग्रेसमधल्या, म्हणजे अमेरिकी संसदेतल्या, पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. आपण कृष्णवर्णीयांच्या किंवा स्त्रियांच्या नव्हे, अमेरिकेच्या लोकांच्या उमेदवार आहोत, असं त्यांनी घोषणेतच सांगितलं. त्या मार्चमध्ये गॅरी शहरात कृष्णवर्णीयांचं मोठं राजकीय अधिवेशन भरलं. त्याने चिझम यांना पाठिंबा दिला नाही. जेसी जॅक्सन यांच्यासह अनेक पुढारी गोऱ्या मॅकगव्हर्न यांच्यामागे गेले. चिझम यांच्या बाजूने उभी राहिली ब्लॅक पँथर पार्टी, जिच्या नावावरून त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर स्थापन झाली. १९८४ मध्ये जॅक्सन स्वतः उभे राहिले, तेव्हा तोच अनुभव त्यांच्या वाट्याला आला: डेट्रॉइटचे कृष्णवर्णीय महापौर कोलमन यंग यांनी गोऱ्या मॉन्डेल यांना पाठिंबा दिला. सामान्य मतदार जॅक्सन यांच्याकडे गेले खरे, पण पुढाऱ्यांना रिपब्लिकन अध्यक्ष रेगन यांना हरवणारा माणूस हवा होता.

२००७ मध्येही चित्र हेच. १९६५ च्या मताधिकार मोर्चात सेल्माच्या पुलावर पोलिसांच्या लाठ्या खाल्लेले कृष्णवर्णीय खासदार जॉन लुइस यांनी उमेदवारीच्या शर्यतीत ओबामांऐवजी हिलरी क्लिंटन यांचा हात धरला. गोऱ्यांचा देश ओबामांना निवडेल यावर कृष्णवर्णीयांचाच विश्वास नव्हता. २००८ च्या जानेवारीत जवळपास सगळ्या गोऱ्या आयोवाने प्राथमिक फेरीत ओबामांना जिंकवलं आणि मग साउथ कॅरोलिनातले कृष्णवर्णीय त्यांच्याकडे वळले. लुइस यांनी फेब्रुवारीत बाजू बदलली. म्हणजे कृष्णवर्णीयांना हिरवा कंदील गोऱ्या मतदारांनी दाखवला. नोव्हेंबरात ओबामांना कृष्णवर्णीयांची ९५ टक्के मतं मिळाली, पण गोरे डेमोक्रॅटिक उमेदवार केरी यांनाही २००४ मध्ये ९० टक्क्यांच्या आसपास होतीच.

२०२० मध्ये कमला हॅरिस आणि कोरी बुकर हे दोघं कृष्णवर्णीय डेमोक्रॅटिक उमेदवारीच्या शर्यतीतून साउथ कॅरोलिनाच्या मतदानाआधीच बाहेर पडले होते. तिथले ज्येष्ठ कृष्णवर्णीय खासदार जिम क्लायबर्न यांनी तीन दिवस आधी बायडेन यांना पाठिंबा दिला, आणि बुडत चाललेली बायडेन यांची मोहीम त्या एका राज्याने वर काढली.

डेट्रॉइटमध्ये २०२२ ला या हिशेबाला आणखी एक वळण मिळालं, आणि त्यात एक मराठी माणूस होता. काँग्रेसच्या जागेसाठी अनेक कृष्णवर्णीय उमेदवार उभे होते. मतं फुटतील म्हणून तिथल्या पुढाऱ्यांनी एका नावावर एकमत करण्याचा प्रयत्न केला, तो फसला. तीस टक्क्यांहून कमी मतं घेऊन प्राथमिक फेरी जिंकले ते बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार. जवळपास सत्तर वर्षांत पहिल्यांदाच कृष्णवर्णीयबहुल डेट्रॉइटचा काँग्रेसमध्ये एकही कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही. २०२४ मध्ये ठाणेदार पुन्हा निवडून आले.