सोसायटीच्या कॉमन मीटरवर सौर प्रकल्प: अनुदान किती, कागद कोणते, अर्ज कसा

सोसायटीचं कॉमन मीटरचं बिल एकदा नीट उघडून पाहा. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले आणि पार्किंगमधले दिवे सगळे एकाच मीटरवर असतात, त्यामुळे बरीचशी युनिटं वरच्या, महाग टप्प्यात जातात. हीच वीज गच्चीवर तयार करता येते आणि त्यासाठी केंद्र सरकारचं अनुदानही मिळतं. 13 फेब्रुवारी 2024 रोजी सुरू झालेली ‘पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना’ लोकांना माहीत आहे ती घरासाठी: 3 किलोवॅट आणि 78,000 रुपये. गृहनिर्माण संस्थांसाठी तिच्यात वेगळी तरतूद आहे, ही गोष्ट प्रत्येक कमिटीपर्यंत पोचायला हवी. योजनेची मुदत 2026-27 या आर्थिक वर्षापर्यंतच आहे, म्हणून विषय पुढच्या वार्षिक सभेवर ढकलू नका.

संस्थेला सामायिक सोयींसाठी दर किलोवॅटला 18,000 रुपये अनुदान मिळतं. इलेक्ट्रिक गाड्यांचं चार्जिंगही त्यात धरलेलं आहे. कमाल मर्यादा 500 किलोवॅट, आणि घरटी 3 किलोवॅट हा हिशेब त्याला लागू. म्हणजे 24 फ्लॅटच्या सोसायटीला जास्तीत जास्त 72 किलोवॅटवर अनुदान मिळेल. कोणा सभासदाने स्वतःच्या मीटरवर आधीच पॅनेल बसवली असतील तर तेवढे किलोवॅट यातून कमी होतात.

मात्र 72 किलोवॅट मिळतात म्हणून 72 बसवायचे नाहीत. मागच्या 12 महिन्यांची बिलं काढा आणि सरासरी युनिटं पाहा. 1 किलोवॅटमधून महिन्याला साधारण 120 युनिटं मिळतात आणि त्याला सुमारे 100 चौरस फूट सावलीविरहित जागा लागते. महिन्याला 1,800 युनिटं लागत असतील तर 15 किलोवॅट पुरे. त्यावर 2,70,000 रुपये अनुदान. आपल्याकडच्या ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्या हिशेबाने एवढीशी सोसायटी वर्षाला 15 टन उत्सर्जन टाळते. हा आकडा सभेत जरूर सांगा, आमच्याकडे तरुण सभासदांची मतं त्यानेच वळली.

आणि हिशेब करण्याआधी वापर कमी करा. जिन्यात चोकवाल्या जुन्या ट्यूब असतील तर एलईडी लावा, वीज निम्म्याहून कमी लागते. पार्किंगला सेन्सर बसवा. पंप जुना झाला असेल तर स्टार रेटिंग पाहून बदला. मग जो वापर उरेल त्याच्यापुरता प्रकल्प घ्या.

अर्ज पोर्टलवर अडतो असं सगळे म्हणतात. माझा अनुभव असा की तो आपल्याच कपाटात अडतो. आमचं कॉमन मीटर इमारत ताब्यात आल्यापासून बिल्डरच्याच नावावर होतं. दर महिन्याला बिल भरत होतो, वरचं नाव कोणी वाचलं नव्हतं. नाव बदलून घेण्यात आमचे तीन महिने गेले. म्हणून पहिलं काम हेच: बिलावर संस्थेचं नाव, नोंदणी प्रमाणपत्रात आहे अगदी तसंच, आहे ना ते पाहा. त्याच बिलावर मंजूर भार, म्हणजे एका वेळी किती किलोवॅट वापरायची परवानगी आहे तो आकडा, छापलेला असतो. प्रकल्प त्याहून मोठा असेल तर हा भार वाढवावा लागतो. थकबाकी असेल तर ती भरून टाका.

ठरावासाठी विशेष सर्वसाधारण सभा बोलवायची तर महाराष्ट्रातल्या आदर्श उपविधींनुसार पूर्ण 5 दिवसांची नोटीस द्यावी लागते. गणपूर्ती दोन तृतीयांश सभासद किंवा 20, यांपैकी जे कमी असेल ते. ठराव मोघम नको. किती किलोवॅट, गच्चीचा कोणता भाग, खर्च कुठल्या निधीतून आणि सही कोण करणार हे सगळं त्यात लिहा, सूचक-अनुमोदकांच्या नावांसह. वरच्या मजल्यावरच्या सभासदांच्या गळतीच्या शंका त्याच सभेत ऐकून घ्या. वॉटरप्रूफिंग करायचं असेल तर पॅनेलच्या आधी करा, नंतर सगळा सांगाडा उचलावा लागेल.

एका फाइलमध्ये हे कागद एकत्र ठेवा: ताजं वीजबिल, संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र, ठरावाची सही-शिक्क्याची प्रत, सचिवांना दिलेलं अधिकारपत्र, संस्थेचं पॅन कार्ड, संस्थेच्या खात्याचा रद्द केलेला धनादेश आणि फ्लॅटची संख्या दाखवणारी सभासद यादी. खातं संस्थेचंच हवं, खजिनदाराचं चालत नाही.

आता अर्ज. पीएम सूर्यघर पोर्टलवर मोबाइल क्रमांकाने नोंदणी करा. वीज कंपनी निवडा: महावितरण, मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटा, गोव्यात वीज खातं. ग्राहक क्रमांक बिलावरून पाहून टाका आणि घराऐवजी गृहनिर्माण संस्था हा प्रकार निवडा. 10 किलोवॅटपर्यंत तांत्रिक तपासणीची अट नाही. त्याच्या वर वीज कंपनीने 15 दिवसांत तपासणी करायची असा 2024 चा नियम आहे. मंजुरी आली की पोर्टलवर नोंदलेल्याच व्हेंडरशी करार करा. करारात दोन गोष्टी पाहा: पॅनेल डीसीआर, म्हणजे भारतात बनलेल्या सेलची असावीत, नाहीतर अनुदान मिळत नाही, आणि 5 वर्षांची देखभाल लेखी असावी.

व्हेंडर गच्ची मोजायला येईल तेव्हा टाकीची आणि लिफ्टच्या खोलीची सावली दाखवून द्या. डिसेंबरात ती उत्तरेकडे सर्वांत लांब पडते. आम्ही सकाळी 9, दुपारी 12 आणि 3 वाजता खडूने सावलीच्या कडा आखल्या. व्हेंडरच्या नकाशातल्या चार पॅनेलची जागा त्या रेषांच्या आत निघाली.

प्रकल्प उभा राहिला की त्याचा तपशील आणि फोटो पोर्टलवर चढवून नेट मीटरसाठी, म्हणजे ग्रिडकडून घेतलेली आणि ग्रिडला दिलेली अशी दोन्ही वीज मोजणाऱ्या मीटरसाठी, अर्ज करायचा. तपासणी होते, मीटर बसतो, प्रकल्प चालू झाल्याचं प्रमाणपत्र मिळतं. त्यानंतर बँकेचा तपशील भरा. अनुदान साधारण 30 दिवसांत खात्यात जमा होणं अपेक्षित आहे. तोवर व्हेंडरचे पूर्ण पैसे संस्थेनेच भरायचे असतात, म्हणून निधीची सोय ठरावाच्या वेळीच हवी. अडलं तर 15555 ही मदत क्रमांकाची सेवा आहे.

दोन गोष्टी सभासदांना आधीच सांगा, म्हणजे नंतर कमिटीवर राग निघत नाही. बिल शून्यावर येत नाही, स्थिर आकार द्यावाच लागतो. आणि वीज गेली की बॅटरी नसलेला प्रकल्पही बंद पडतो, कारण लाइनवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवाला त्यातून धोका होऊ नये. लिफ्टसाठी जनरेटर ठेवावाच लागेल.

पुण्यात असाल तर मिळकतकराची सवलतही मागा. सौरऊर्जा, गांडूळखत आणि पर्जन्यजल संधारण यांपैकी एक प्रकल्प चालू असेल तर 5 टक्के, दोन किंवा अधिक असतील तर 10 टक्के. प्रकल्प चालू आहे का याची महापालिका पाहणी करते, तेव्हा दर महिन्याच्या रीडिंगची वही ठेवा. गच्चीवर पाण्याचा एक नळ मात्र पॅनेल बसवण्याआधीच काढून घ्या. पॅनेल पंधरा दिवसांतून एकदा, उन्हं चढण्याआधी धुवायची असतात आणि बादल्या वर नेऊन ते काम कोणी करत नाही.