यूथ क्लबमधले प्रोजेक्ट आले कुठून? थोडी पार्श्वभूमी

आजकाल कुठल्याही यूथ क्लबची माहिती वाचायला घ्या, कॉन्फिडन्स आणि लीडरशिप हे दोन शब्द पहिल्या चार ओळींत सापडणारच. गंमत म्हणजे मुलांना प्रोजेक्ट द्यायची पद्धत जिथे रुजली तिथे यातलं फारसं कुणाच्या डोक्यात नव्हतं, मोठ्यांना त्यांचं स्वतःचं काम पुढे सरकवायचं होतं.

१९०२ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ए. बी. ग्रॅहम नावाच्या एका शाळा अधीक्षकाने गावाकडच्या मुलामुलींचा क्लब काढला, माती तपासा, मका लावा, बाग करा असं सगळं. अशाच क्लबांमधून पुढे फोर-एच ही मुलामुलींच्या क्लबांची प्रचंड मोठी चळवळ उभी राहिली. तेव्हा विद्यापीठांमध्ये सुधारित बियाणं, नवीन पद्धती यावर संशोधन जोरात चाललेलं पण शेतकरी ऐकतात कुठे, बापजादे करत आले तेच आम्ही करणार. मग पोरांना हाताशी धरलं, पोराला एक तुकडा जमीन द्या, त्याला नवीन पद्धतीने मका करू दे, बाप आपोआप बघेल. १९१० मध्ये साउथ कॅरोलायनातल्या जेरी मूर नावाच्या पोराने एका एकरात २२८ बुशेलच्या (बुशेल म्हणजे धान्य मोजायचं तिथलं माप) वर मका काढला, तिथल्या शेतकऱ्यांची सरासरी याच्या आसपाससुद्धा नव्हती, त्यामुळे बघावंच लागलं.

मला स्वतःला यातले टोमॅटो क्लब जास्त इंटरेस्टिंग वाटतात. त्याच वर्षी त्याच राज्यात एकन काउंटीत मेरी क्रोमर या शिक्षिकेने मुलींसाठी क्लब सुरू केला. मुलीने एक दशांश एकरात टोमॅटो लावायचे, डबाबंद करायचे, विकायचे, जमाखर्च स्वतः लिहायचा आणि येणारे पैसे तिचे. अमेरिकेत बायकांना देशभर मतदानाचा हक्क मिळाला १९२० मध्ये, म्हणजे त्याच्या आधी दहा वर्षं शाळकरी मुली स्वतःच्या मालाचा हिशोब ठेवत होत्या. हे सगळं छानच होतं असंही नाही, दक्षिणेत गोऱ्या आणि काळ्या मुलांचे क्लब कित्येक दशकं वेगळे होते, तो इतिहास बऱ्याचदा गाळला जातो.

इकडे इंग्लंडमध्ये १९०७ ला बेडन-पॉवेल या लष्करी अधिकाऱ्याने ब्राउन्सी बेटावर वीसेक मुलांचा कॅम्प घेतला, स्काउट चळवळ सुरू झाली ती इथून. त्यांचा लष्करी अनुभव, चांगले नागरिक घडवायची हौस, हे सगळं त्यात होतंच, पण टिकली ती एक साधी आयडिया: मुलांच्या छोट्या तुकड्या करायच्या आणि प्रत्येक तुकडीचा प्रमुख त्यांच्यातलाच एक मुलगा. मोठ्या माणसाने प्रत्येकाला सूचना देत बसायचं नाही, त्या पोराशी बोलायचं आणि बाजूला व्हायचं. मुलींना यात कुणी बोलावलं नव्हतं, पण १९०९ च्या लंडनमधल्या स्काउट मेळाव्याला काही मुली स्वतःच जाऊन उभ्या राहिल्या आणि पुढच्या वर्षी गर्ल गाइड्स सुरू झालं. यापेक्षा भारी लीडरशिप प्रोजेक्ट मला तरी माहीत नाही.

आता हे सगळं नक्की का चालतं ते कुणी तपासलं का, तर हो, आणि तेही क्लबमध्येच. १९३० च्या दशकाच्या शेवटी आयोवा विद्यापीठात कर्ट लेविन, लिपिट आणि व्हाइट या मानसशास्त्रज्ञांनी दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे छोटे छोटे क्लब केले, मुखवटे बनवा, मॉडेल विमानं बनवा असली कामं दिली आणि त्यांच्यावरच्या मोठ्या माणसाला वेगवेगळ्या पद्धतीने वागायला लावलं. एक सगळं हुकूम सोडून करून घेणारा, एक मुलांबरोबर बसून ठरवणारा, एक नुसता हजर असणारा. हुकूमवाल्याच्या हाताखाली काम दणकून व्हायचं पण तो खोलीबाहेर गेला की पोरं काम टाकून द्यायची, आणि जिथे मुलांनी मिळून ठरवलेलं असायचं तिथे तो असला काय नसला काय, काम चालू. नुसता हजर असणाऱ्याकडे मात्र फार काही होत नव्हतं, हे विसरू नका, कारण "मुलांवर सोडून द्या" म्हणणाऱ्यांना ते आवडत नाही.

आत्मविश्वासाचं कोडं १९७७ मध्ये अल्बर्ट बांदुरा या मानसशास्त्रज्ञाने बरंच सोडवलं. आपल्याला हे जमेल ही भावना कौतुकाने किंवा भाषणांनी येते त्यापेक्षा स्वतः काहीतरी करून दाखवल्याने जास्त पक्की होते, असं त्याचं म्हणणं. टोमॅटोवाल्या मुलींना हे सांगायची गरज नव्हती, असो.

मग १९८९ चा संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार आला, त्यातलं बारावं कलम म्हणतं की मुलांशी संबंधित गोष्टींत त्यांचं मत ऐकून घ्या. झालं, सगळीकडे मुलांना स्टेजवर बसवायची लाट. याला वैतागून म्हणा किंवा कसं, रॉजर हार्ट या अभ्यासकाने १९९२ मध्ये युनिसेफसाठी लिहिताना मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली आणि खालच्या तीन पायऱ्यांना सहभाग म्हणायलाच नकार दिला. त्यात मोठ्यांनी मुलांना वापरून घेणं, शोभेला उभं करणं आणि नावापुरतं एखाद्याला माइक देणं असे प्रकार येतात, जे कुठल्याही प्रोजेक्टच्या फोटोंमध्ये आजही सापडतील. सगळ्यात वरची पायरी मात्र लोक हमखास चुकीची सांगतात. तिथे मुलं एकटी नाहीयेत, सुरुवात मुलांची आहे पण निर्णय त्यांनी मोठ्यांना सोबत घेऊन केलेले आहेत.