विहिरीच्या डबरात नवं खनिज सापडेल का? आधी मागची हकीकत

आपल्याकडं विहीर खांदताना मुरूम संपून काळा पाषाण लागला की सुरुंगाच्या डबरात कधीकधी पांढरे, गुलाबी, चमकणारे खडे निघतात. लोक त्याला सरसकट गारगोटी म्हणतात आणि लेकरं खेळायला घेऊन जातात, पण त्यातले बरेच खडे झिओलाइट असतात, म्हणजे आत अणूंची पोकळ जाळी आणि त्यात पाणी असलेली खनिजं, स्टिल्बाइट, ह्युलँडाइट वगैरे. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत नंतर पाणी झिरपलं आणि हे स्फटिक वाढले. अशी एखादी पोकळी फोडून बघा, खडकाला चिकटून बऱ्याचदा पातळ हिरवट मातकट थर दिसतो, तो सेलॅडोनाइट, आणि त्याच्यावर पांढरे स्फटिक. अजिंठ्याच्या चित्रांतला हिरवा रंग ह्याच जातीच्या हिरव्या मातीचा आहे, म्हणजे वापर किमान दीड हजार वर्षं जुना आणि सेलॅडोनाइट हे नाव मिळालं १८४७ मध्ये!

दख्खनच्या खडकातून 'नवं खनिज' सापडल्याचं याआधीही जाहीर झालेलंय. १८३१ मध्ये ब्रुक नावाच्या इंग्रज खनिजतज्ज्ञानं पुण्याकडच्या सुईदार स्फटिकांना पूनाहलाइट नाव दिलं. १८५९ मध्ये हॉटन नावाच्या आयरिश शास्त्रज्ञानं नागपूरच्या मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्या नावानं हिस्लोपाइट आणलं. दोन्ही टिकली नाहीत. पहिलं निघालं मेसोलाइट, म्हणजे आधीच माहीत असलेला एक झिओलाइट, आणि दुसरं म्हणजे हिरवी माती मिसळलेलं साधं कॅल्साइट. त्या लोकांना दोष द्यावा असं मला वाटत नाही, त्यांच्या हातात वजन, रंग, कोन मोजायचं यंत्र आणि ॲसिड एवढंच होतं, आत अणू कसे बसलेत हे बघायची सोयच नव्हती.

ती सोय झाली १९१२ मध्ये. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ माक्स फॉन लाउए यांच्या सांगण्यावरून स्फटिकातून एक्सरे सोडले, फोटो प्लेटवर ठिपके उमटले, आणि लगेच ब्रॅग बापलेकांनी त्या ठिपक्यांवरून अणूंच्या जागा काढायची रीत बसवली. झिओलाइटची आतली जाळी उलगडायला मात्र १९३० उजाडलं, टेलर नावाच्या शास्त्रज्ञानं ॲनॅल्साइम ह्या झिओलाइटची मांडणी काढली तेव्हा. मग १९५८ मध्ये आंतरराष्ट्रीय खनिज संघटना झाली आणि पुढच्याच वर्षी नव्या खनिजांसाठी तिचा आयोग. आता कुणालाही नाव ठोकून देता येत नाही, रासायनिक घटक, एक्सरेचे आकडे, शक्य असेल तर पूर्ण रचना, हे सगळं पाठवायचं, मग सदस्य मतदान करतात, मूळ नमुना म्युझियममध्ये ठेवावा लागतो आणि शोधणाऱ्याला स्वतःचं नाव देता येत नाही.

रचना एवढी का महत्त्वाची, हे कॅव्हान्साइटवरून कळतं. कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिका आणि पाणी असलेलं हे गडद निळं खनिज, अमेरिकेतल्या ओरेगॉनमधलं, १९७३ मध्ये त्याचं वर्णन छापून आलं. त्याच लेखात दुसरं निळं खनिज होतं, पेंटागोनाइट. दोघांचा फॉर्म्युला अगदी एकच! पण इव्हान्स ह्या शास्त्रज्ञानं रचना काढली तेव्हा दिसलं की एकात सिलिकाची कडी चार आणि आठच्या आहेत आणि दुसऱ्यात सहाच्या. म्हणून खनिजं दोन. नुसतं केमिकल टेस्टिंग केलं असतं तर ती एकच धरली गेली असती.

आणि जगातले सगळ्यात देखणे कॅव्हान्साइट निघाले कुठून, तर पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींतून. तरी खनिजाचं मूळ ठिकाण म्हणून नोंद ओरेगॉनचीच, कारण तपासून सिद्ध केलेला पहिला नमुना तिथला. म्हणून मला मनापासून वाटतं की आपल्याकडच्या कॉलेजांच्या जिऑलॉजी विभागांनी विहिरींच्या डबरावर जाऊन गावाचं नाव, गट नंबर आणि किती फुटावर खडा लागला एवढं तरी लिहून ठेवावं. वेरूळ-अजिंठ्याच्या वाटेवर स्टॉलवर जे स्फटिक विकायला असतात, त्यांचं मूळ ठिकाण तिथपर्यंत येईस्तोवर बहुतेक वेळा हरवलेलं असतं, आणि ठिकाण माहीत नसलेल्या खड्यावर आयोगाला प्रस्ताव पाठवणं फार अवघड जातं.