व्ह्यू वापरून क्वेरीचे पुनर्लेखन : संगणकीय जटिलता

डेटाबेसच्या मूळ टेबलांना हात न लावता, केवळ आधी तयार असलेल्या व्ह्यूंवरून (म्हणजे आधीच्या क्वेरींच्या निकालांच्या टेबलांवरून) क्वेरीचे, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाचे, तेच उत्तर काढता येईल का, आणि हे ठरवायला किती गणन लागते, हा या विषयाचा गाभा. क्वेरी ऑप्टिमायझर, डेटा वेअरहाऊस आणि अनेक स्रोतांतली माहिती एकत्र करणाऱ्या प्रणाली यांत हा प्रश्न उभा राहतो.

समजा, भौतिकशास्त्र विभागाच्या विषयांपुरत्या विद्यार्थी-शिक्षक जोड्या हव्या आहेत. टेबले तीन: नोंदणी(विद्यार्थी, विषय), अध्यापन(शिक्षक, विषय), विभाग(विषय, नाव). पहिल्या व्ह्यूत नोंदणी आणि अध्यापन यांचा जॉइन करून (म्हणजे समान विषयाच्या ओळी जोडून) फक्त विद्यार्थी व शिक्षक ठेवले आहेत; दुसऱ्यात भौतिकशास्त्राचे विषय आहेत. तिन्ही टेबले व्ह्यूंत आली, तरी उत्तर निघत नाही. पहिल्या व्ह्यूतून 'विषय' हा स्तंभ गळला आहे. दोन्ही व्ह्यू तसेच जोडले, तर इतर विभागांच्या जोड्याही उत्तरात घुसतात. पुनर्लेखन फसण्याचे हे नेहमीचे कारण आहे. रेचल पॉटिंजर आणि अलॉन लेव्ही यांचा मिनीकॉन अल्गोरिदम (२०००) नेमके हेच आधी तपासतो: व्ह्यूने लपवलेल्या स्तंभाशी क्वेरीतले एखादे चल जुळले, तर ते चल असलेल्या क्वेरीतल्या सगळ्या अटी त्याच व्ह्यूने भागवल्या पाहिजेत. त्यामुळे निरुपयोगी जोडण्या सुरुवातीलाच बाद होतात.

लेव्ही, मेंडेलझोन, सागिव्ह आणि श्रीवास्तव यांनी १९९५ मध्ये सिद्ध केले की, कंजंक्टिव्ह क्वेरी (म्हणजे केवळ 'आणि'ने जोडलेल्या अटींच्या क्वेरी) व तशाच व्ह्यूंसाठी समतुल्य, म्हणजे नेमके तेच उत्तर देणारे, पुनर्लेखन आहे का, हे ठरवणे एनपी-पूर्ण आहे: दिलेले उत्तर झटपट पडताळता येते, पण ते शोधण्याची झटपट रीत माहीत नाही. क्वेरीत तुलना नसतील आणि 'एन' टेबल-उल्लेख असतील, तर पुनर्लेखन असल्यास 'एन' किंवा त्याहून कमी व्ह्यू-उल्लेखांचेही सापडतेच. म्हणून लहान उमेदवार अंदाजाने घेऊन, दोन्ही दिशांचे होमोमॉर्फिझम (एका क्वेरीतली चले दुसरीवर अशी बसवणे की अटी टिकून राहतील) हाती असले की पडताळणी बहुपदी वेळात, म्हणजे आकाराच्या ठरावीक घातापुरत्या वेळात, होते. कठीणपणाची मुळे दोन: एकच व्ह्यू क्वेरीवर अनेक रीतींनी बसतो, आणि बसलेल्यांपैकी कोणते एकत्र घ्यायचे याचेही घातांकी पर्याय असतात. 'पेक्षा कमी'सारख्या तुलना आल्या की निव्वळ समावेशनाची तपासणीच (एका क्वेरीची उत्तरे नेहमी दुसरीच्या उत्तरांत असतात का, हे पाहणे) बहुपदी श्रेणीच्या दुसऱ्या पातळीवर, म्हणजे एनपीच्या वरच्या पायरीवर, जाते.

मात्र एनपी-पूर्णतेचा बाऊ करू नये. इथे मोजमाप क्वेरीच्या आकाराचे आहे, आणि क्वेरी सहसा लहान असते. खरी चिंता डेटाच्या आकाराबरोबर वाढणाऱ्या खर्चाची. अबितबूल आणि डुश्का यांच्या १९९८ च्या निष्कर्षानुसार, व्ह्यू अपुरे असू शकतात (त्यांत काही ओळी सुटलेल्या असू शकतात) असे गृहीत धरले, तर कंजंक्टिव्ह क्वेरीची निश्चित उत्तरे, म्हणजे व्ह्यूंशी जुळणाऱ्या प्रत्येक डेटाबेसमध्ये खरी ठरणारी, बहुपदी वेळात मिळतात. व्ह्यू पूर्ण आहेत असे धरले, तर तोच प्रश्न को-एनपी-पूर्ण, म्हणजे एनपी-पूर्ण प्रश्नाच्या उलट बाजूचा आणि तितकाच अवघड, होतो. पहिल्या गृहीतकातही क्वेरीत 'समान नाही' ही अट आली की तीच गत होते.

हे निकाल संचांसाठी, म्हणजे एक ओळ एकदाच मोजली जाते असे धरून, आहेत. डेटाबेसची भाषा एसक्यूएल 'डिस्टिंक्ट' (पुनरावृत्ती काढणारा शब्द) नसताना पुनरावृत्त ओळी राखते. म्हणून संचांच्या हिशेबाने बरोबर ठरलेले पुनर्लेखन बेरीज किंवा मोजणी चुकवू शकते.

पुनर्लेखनाच्या भाषेवर बंधन न ठेवता, व्ह्यूंमधून क्वेरीचे उत्तर मुळात निश्चित होते का, एवढेच विचारले तर प्रश्न आणखी अवघड होतो: कंजंक्टिव्ह क्वेरींसाठीही तो अनिर्णेय आहे, म्हणजे तो नेहमी सोडवणारा अल्गोरिदमच असू शकत नाही, हे गोगाच व मार्चिन्कोव्स्की यांनी २०१५ मध्ये दाखवले.