डेकचे बळ व पत्त्यांचे संतुलन (डिजिटल पत्तेखेळ)

डिजिटल पत्तेखेळात खेळाडू स्वतः पत्ते निवडून जो संच बांधतो त्याला डेक म्हणतात. हा डेक इतरांच्या डेकांपुढे सरासरी किती डाव जिंकतो ते त्याचे बळ. एखादा पत्ता फार वरचढ ठरला किंवा कोणीच तो वापरेनासे झाले, तर निर्माते त्याचे मूल्य (तो खेळण्यासाठी मोजावी लागणारी किंमत), आकडे (त्याची ताकद) किंवा मजकूर बदलतात. बळ घटवणाऱ्या बदलाला ‘नर्फ’ व वाढवणाऱ्याला ‘बफ’ म्हणतात. ज्या काळात जे डेक चलतीत असतील, त्यांच्या एकूण चित्राला ‘मेटा’ हे नाव आहे.

या कल्पनेच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. एका मतानुसार पत्त्याचे बळ बदलते ठेवण्याची रीत फार जुनी आहे. त्यासाठी गंजिफ्याचा दाखला दिला जातो. बाबराने १५२७ च्या सुमारास सिंधमध्ये शाह हसनकडे गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. कोल्हापूरच्या नैर्ऋत्येस, आंबोली घाटाखालच्या सावंतवाडीत आजही रंगवल्या जाणाऱ्या दशावतारी गंजिफ्यात दहा रंग व १२० पाने असतात. त्यातील निम्म्या रंगांत राजा-प्रधानाखाली दहापासून एकपर्यंत उतरता क्रम लागतो, तर उरलेल्या रंगांत तो नेमका उलटतो. शिवाय दिवसा रामाच्या रंगाला मान असतो आणि रात्री कृष्णाच्या. मेंढीकोटात हुकूम उघडला की दुर्रीसुद्धा दुसऱ्या रंगाचा एक्का मारते. पत्त्याचे बळ त्याच्यावरच्या चित्रात नसून नियमात असते, हे यावरून नक्कीच दिसते. मात्र गंजिफा, मेंढीकोट वा रमीत सर्वांची पाने एकाच कॅटातून वाटली जातात. हात चांगला की वाईट, हे नशिबावर असते. घरून बांधून आणलेला डेक तिथे नसतो, त्यामुळे कोणाचा डेक अन्यायकारक आहे असा वादही उद्भवत नाही.

म्हणून उगम १९९३ सालच्या ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या छापील संग्राह्य पत्तेखेळात मानणारे मत अधिक पटते. रिचर्ड गारफील्ड यांच्या या खेळात प्रत्येकाने स्वतःचा डेक आणायचा असतो. छापलेला पत्ता विकला गेल्यावर त्यावरचा आकडा पुसणे शक्य नव्हते. साहजिकच १९९४ पासून स्पर्धांसाठी बंदी घातलेल्या व एकाच प्रतीपुरत्या मर्यादित पत्त्यांच्या याद्या निघू लागल्या. हा उपाय कुठे अपुरा पडतो ते २०२० मध्ये दिसले. त्या वर्षी आलेले ‘साथीदार’ पत्ते डेकबाहेर ठेवून हमखास वापरता येत. त्यांपैकी लुरस या पत्त्याला एका प्रतीच्या मर्यादेने आळा बसेना, कारण त्याची एकच प्रत पुरत होती. त्यामुळे जवळजवळ सर्व पत्ते चालणाऱ्या व्हिंटेज प्रकारातही त्यावर बंदी आली. जूनमध्ये नियमच बदलून साथीदार हातात घेण्यासाठी तीन ‘माना’ (पत्ते खेळण्यासाठी खर्च करायची शक्ती) मोजणे भाग पाडले गेले.

डिजिटल खेळात पत्ता निर्मात्याच्या सर्व्हरवर असतो व एका रात्रीत बदलतो. ‘हर्थस्टोन’ (२०१४) मधील स्टार्व्हिंग बझर्ड हे त्याचे ठळक उदाहरण होय. हा पत्ता मैदानात असताना आपण श्वापद उतरवले की एक पान ओढायला मिळे. सप्टेंबर २०१४ मध्ये त्याचे मूल्य दोनवरून पाच केले आणि आकडे किंचित वाढवले, तरी तो डेकांतून जवळपास नाहीसा झाला. ‘मॅजिक’च्या संगणकीय आवृत्तीत २०२१ अखेर अल्केमी प्रकार आला, तेव्हापासून काही पत्त्यांची छापील व डिजिटल रूपे वेगळी झाली. ‘ग्वेंट’मध्ये २०२३ पासून असे बदल खेळाडूंच्या मतदानाने होऊ लागले.

बळ मोजताना डेकचा आकार आधी पाहावा लागतो. हर्थस्टोनच्या ३० पत्त्यांच्या डेकात एखाद्या पत्त्याच्या दोन प्रती असतील, तर पहिल्या दहा पानांत त्यांपैकी किमान एक येण्याची शक्यता सुमारे ५६ टक्के असते. एकच प्रत असेल तर ३३ टक्के. ‘मार्व्हल स्नॅप’च्या डेकात बाराच पत्ते असतात व सहाव्या फेरीपर्यंत नऊ हाती येतात, म्हणजे ठरावीक पत्ता मिळण्याची शक्यता ७५ टक्के. म्हणूनच तिथे एका पत्त्यातला लहानसा बदलही सगळ्या डेकला जाणवतो.

दुसरी बाब समोरच्या डेकांची. खासबागेच्या मैदानात पैलवानाचे नाव कितीही मोठे असो, जोड कोणाशी लागली यावर कुस्ती ठरते. डेकचेही तसेच आहे. समजा, एक डेक ‘अ’ प्रकाराविरुद्ध ६५ टक्के डाव जिंकतो आणि ‘ब’ विरुद्ध ४० टक्के. मेटात अ ६० टक्के व ब ४० टक्के असताना त्याचे एकूण यश ५५ टक्के भरते. हेच प्रमाण उलटले तर ते ५० टक्क्यांवर येते. एकही पत्ता न बदलता हा पाच टक्क्यांचा फरक पडतो. त्यात नमुन्याच्या आकाराची भर पडते. शंभर डावांत ५५ विजय मिळाले, तरी खरे प्रमाण ४५ ते ६५ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. दहा हजार डावांनंतरच ही अनिश्चितता एका टक्क्यावर येते. डावांची संख्या न सांगता ‘हा पत्ता मोडका (म्हणजे अवाजवी वरचढ) आहे’ म्हणणे या विषयात ग्राह्य धरू नये.

कोल्हापुरात कट्ट्यावर वा तालमीत मेंढीकोट, रमी, तीन पत्ती पूर्वापार परिचित आहेत. डेक बांधण्याचे खेळ महाराष्ट्रातील इतर शहरांप्रमाणे येथेही मुख्यतः २०१६ नंतर, मोबाइल डेटा स्वस्त झाल्यावर पसरले. ‘क्लॅश रॉयल’ त्याच वर्षीचा. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. संग्राह्य पत्तेखेळांत डावावर पैसे लागत नाहीत, मात्र पत्त्यांची पाकिटे विकत घेता येतात. खाऊच्या पैशांतून पाकिटे घेणाऱ्या मुलाने मिळवलेला पत्ता दुसऱ्या दिवशी दुबळा झाला, तर ते त्याचे खरेखुरे नुकसान असते. हर्थस्टोनमध्ये नर्फनंतर साधारणतः दोन आठवडे तो पत्ता मोडून पूर्ण मोबदला, म्हणजे ‘डस्ट’ (नवे पत्ते बनवायला लागणारे खेळातले चलन), परत मिळते. ही तरतूद प्रत्येक संग्राह्य खेळात असणे न्याय्य ठरेल. मात्र त्याच डेकमधील इतर पत्ते, ज्यांचा उपयोग त्या एका पत्त्यावरच अवलंबून होता, त्यांची भरपाई या मुदतीतही सहसा होत नाही.