सिंगल की डबल? नव्या ड्रायव्हरने आधी शेजारच्याची झोप बघावी

ट्रक चालवायचं हेवी लायसन्स हातात पडलं की पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला: सिंगल गाडीवर जाऊ की डबल ड्रायव्हरच्या? ढाब्यावरचे, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातले आणि घरचे, सगळ्यांचं उत्तरही ठरलेलं: "नवीन आहेस, डबलवर जा. सोबत जुना माणूस असतो, शिकायला मिळतं." हे ऐकून ऐकून कान किटलेत. सल्ला काळजीपोटीच देतात, पण साफ उलटा देतात.

सिंगल म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे. एक ड्रायव्हर, मालकाची दानत असेल तर सोबत क्लीनर, आणि डोळे मिटायला लागले की गाडी कडेला. डबलवर लायसन्सवाले दोघे आळीपाळीने चालवतात. गाडी थांबते ती डिझेल, जेवण आणि आंघोळीपुरती. भिवंडीच्या गोदामांतून दिल्ली, कोलकाता, बेंगळुरूकडे सुटणारे पार्सलचे बत्तीस फुटी कंटेनर बरेचसे असे चालतात, कारण माल उशिरा पोचला की भाडं कापलं जातं. नाशिकची द्राक्षं दिल्लीच्या मंडीला न्यायची तरी तीच घाई. सिमेंट, सळई, न्हावा शेवाच्या बंदरातले कंटेनर बहुधा सिंगलवर.

"ई-वे बिलाची मुदत संपते म्हणून डबल लागतो" असंही कोणीतरी सांगेल. ई-वे बिल म्हणजे मालासोबत लागणारा जीएसटीचा कागद. २०२१ पासून साध्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो. तेवढं सिंगलवालाही आरामात काटतो. डबल लागतो तो पार्टीच्या, म्हणजे माल पाठवणाऱ्याच्या, घाईसाठी.

आता खरा घोळ. तीन वेगळी माणसं लोक एकाच सीटवर बसवतात: क्लीनर, उस्ताद म्हणजे गाडी शिकवणारा जुना ड्रायव्हर, आणि जोडीदार ड्रायव्हर. थोडा दोष जुन्या नियमाचाही आहे. नॅशनल परमिटच्या, म्हणजे देशभर फिरायचा परवाना असलेल्या, जड गाडीवर दोन ड्रायव्हर असावेत आणि दुसऱ्याला आडवं होता येईल एवढी जागा केबिनमध्ये असावी, अशी अटच होती. ती २०१८ मध्ये निघाली. तोवर कित्येक मालकांनी लायसन्स काढलेला क्लीनर कागदावर दुसरा ड्रायव्हर म्हणून दाखवला. त्यामुळे डबल म्हटलं की आजही लोकांसमोर एक जाणता आणि एक शिकाऊ अशी जोडी उभी राहते.

उस्ताद तुमच्या शेजारी जागा बसतो. तुम्ही गिअर चुकवला की ओरडतो, आरशात बघितलं नाही की टपली मारतो. जोडीदार ड्रायव्हर तसं करत नाही, कारण तुम्ही चालवायला बसलात की त्याची झोपायची पाळी सुरू होते. तो झोपलाच पाहिजे. नाही झोपला तर पुढचे सहा तास तो गाडी कशाच्या जोरावर हाकणार? म्हणजे ज्याच्या भरवशावर तुम्ही डबल घेतलात, तो तुमच्या पाळीत सीटमागच्या बर्थवर, पडद्यामागे घोरत असतो. दोघं एकाच वेळी जागे सापडतात ते ताटावर, आणि तिथे कोणी घाट उतरायला शिकवत नाही.

याची किंमत कुठे मोजावी लागते, ते पुण्याजवळ बघा. साताऱ्याकडून येताना कात्रजचा नवा बोगदा ओलांडला की नवले पुलापर्यंत लांबलचक उतार आहे. रस्ता रुंद असल्याने तो घाटासारखा अंगावर येत नाही, आणि तिथेच फसगत होते. दोन थेंब डिझेल वाचवायला पोरं गाडी न्यूट्रलला टाकतात. भरलेली गाडी वेग घेते, मग ब्रेकवर पाय, पुन्हा पाय, पुन्हा पाय. ब्रेकचे ड्रम तापतात, ब्रेकच्या हवेचा दाब दाखवणारा एअरचा काटा खाली येतो आणि पुढे नवले पुलावर गर्दी उभी असते. "ब्रेक फेल" अशी बातमी येते, पण ब्रेक फेल व्हायची तयारी वर बोगद्याच्या तोंडाशीच झालेली असते. अशा वेळी शेजारी उस्ताद असता तर न्यूट्रलकडे हात जाताच मनगट धरलं असतं. ज्या गिअरला चढशील त्याच गिअरला उतर, इंजिनाच्या जोरावर गाडी रोखणारा एक्झॉस्ट ब्रेक लाव, हे त्याने दहादा ऐकवलं असतं. जोडीदार उठतो तेव्हा गाडी हाताबाहेर गेलेली असते.

बरं, नव्याच्या वाट्याला पाळी कुठली येते? रात्री बारा ते सहा. जुना माणूस आपल्याला सोयीची वेळ घेणार, त्यात नवल नाही. रात्री दोन ते पाच ही माणसाच्या शरीराची सगळ्यात सुस्त वेळ. ज्याला अजून समोरच्या गाडीच्या अंतराचा अंदाज यायचाय, त्याच्या हातात आपण ही वेळ देतो आणि वर म्हणतो की डबल सेफ असतं.

झोपेचा हिशोबही असाच उलटा लावतात. सिंगलवाला कमी झोपतो हे खरं, कारण पार्किंगमध्ये त्याचा एक कान ताडपत्रीकडे आणि एक डिझेलच्या टाकीकडे असतो. ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, पण उभ्या गाडीत इंजिन बंद केलं की एसीही बंद. एप्रिलमध्ये जळगाव-धुळ्याच्या बाजूला दुपारी झोपून बघा. डबलवर एसी चालू राहतो, पण बर्थ हलत असतो. प्रत्येक स्पीडब्रेकरला पाठ उचलली जाते, प्रत्येक कचकन ब्रेकला डोळे उघडतात. जोडीदाराच्या हातावर विश्वास नसेल तर झोप लागतच नाही, नुसतं पडून राहणं होतं. हलत्या गाडीत झोपणं हे वेगळं कौशल्य आहे आणि ते जमायला महिने लागतात. काहींना कधीच जमत नाही, त्यांनी डबलचा नाद सोडावा. अजून एक: गाढ झोपेतून उठवलेला माणूस अर्धा तास तरी पूर्ण जागा नसतो. "उठ, तुझी पाळी" म्हणून लगेच स्टिअरिंग हातात देणाऱ्या जोडीदाराबरोबर मी तरी माझ्या माणसाला पाठवणार नाही.

पैशाचं थोडक्यात. डबलवर गाडी सिंगलच्या जवळजवळ दुप्पट धावते, तुम्ही नाही. ट्रिपा वाढतात, पण ट्रिपमागचे पैसे दोघांत वाटले जातात. फायदा मुख्यतः मालकाचा, कारण त्याचा हप्ता चालत्या गाडीवर लवकर फिटतो. बोलणी करताना पगार, भत्ता आणि खर्ची (वाटखर्चाचे पैसे) माणशी किती ते विचारा. "गाडीला इतके" या उत्तरावर मान डोलवू नका. १९६१ च्या कायद्याने ड्रायव्हरला दिवसाचे ८ तास आणि सलग ५ तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती घालून दिली होती. सिंगलवर ते कोण पाळतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून सिंगल धरायची तर लांबचा रूट नकोच.

माझ्याकडे कोणी विचारायला आलं तर मी आधी उस्तादाकडे धाडतो, दिवसाच्या गाडीवर, तो जागा असताना. मग सिंगल, तीही ओळखीच्या रस्त्यावर: भिवंडी ते न्हावा शेवा, पुणे ते कोल्हापूर, नाशिक ते मुंबई. कसारा घाट भरल्या गाडीने दिवसाही उतरा, पावसातही उतरा. एक पावसाळा असा काढलात की डबलचा विचार करा. सिंगलवर चूक झाली तर ती कोणाची हे तुम्हाला स्वच्छ कळतं. डबलवर सकाळी बंपर घासलेला दिसतो आणि दोघंही म्हणतात, "माझ्या पाळीत नाही झालं." मग नुकसान कापलं जातं नव्याच्या पगारातून.

डबल घेतलीच तर अदलाबदलीच्या वेळी दहा मिनिटं खर्चा. दोघांनी मिळून गाडीला फेरी मारा, रॉडने टायर ठोकून आवाज ऐका, एअरचा काटा, डिझेल आणि किलोमीटर यांचा फोटो काढून मालकाला पाठवा. उतरणाऱ्याने तोंडाने सांगायचं: ब्रेक डावीकडे ओढतोय, मागच्या आतल्या टायरची हवा कमी वाटते. "सगळं ओके" म्हणून सरळ बर्थवर चढणारा जोडीदार मला आवडत नाही. गुटख्याची पिचकारी खिडकीतून मारणारा त्याहून नाही, पण तो निदान जागा तरी असतो.

मामा-भाच्याची जोडी असेल तर? आपल्याकडे अशा जोड्या भरपूर आहेत आणि चांगल्या चालतात. पण पहिल्या काही ट्रिपा भाचा चालवत असताना मामाने शेजारी जागं बसायचं आणि मामा थकला की गाडी उभी करायची, म्हणजे गाडी डबल पण वेळ सिंगलचा. हे मालकाला आधीच सांगा. त्याला चालत नसेल तर भाच्याला तूर्त दुसरी गाडी बघा.