तगरचं कापड, कोकणातलं बिरुद आणि परंड्याची तोफ

धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी तेर आहे. गोरोबाकाकांचं गाव म्हणून ते सगळ्यांना ठाऊक असतं. पण काकांच्याही सुमारे बाराशे वर्षं आधी इथलं कापड समुद्रापार जात होतं.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ नावाचं समुद्रवाटांचं माहितीपुस्तक लिहिलं. गुजरातेतल्या भडोच बंदरापासून पैठण २० दिवसांवर आणि तिथून तगर आणखी १० दिवस पूर्वेला, असं त्यात सांगितलंय. तगरहून साधं कापड आणि नाना तऱ्हांची मलमल गाड्यांवर लादून भडोचला यायची.

हे तगर कुठलं, यावर एकोणिसाव्या शतकात भरपूर वाद झाला. कुणी देवगिरीकडे बोट दाखवलं, कुणी जुन्नरकडे. १९०१ साली जुन्या कोरीव लेखांचे अभ्यासक फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर, असं मांडलं. नकाशा घेऊन हिशोब आपणही करू शकतो. भडोच ते पैठण सरळ रेषेत साधारण ३५० किलोमीटर, म्हणजे दिवसाला सतरा-अठरा. पैठण ते तेर साधारण १५०, म्हणजे दिवसाला पंधरा. लादलेल्या बैलगाडीची चाल दोन्हीकडे जवळपास सारखीच निघते. तेर पैठणच्या पूर्वेला नाही, आग्नेयेला आहे, हे खरं. पण ऐकीव माहितीवर लिहिणाऱ्याला एवढी सूट द्यायला हरकत नाही.

पुरावा जमिनीतूनही आला. तेरभोवतीच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडांत पांढऱ्या केओलिन मातीच्या मूर्ती, शंखाचे आणि दगडाचे मणी, रोमन नाण्यांची नक्कल केलेली मातीची पदकं सापडली. सगळ्यांत बोलकी आहे ती हस्तिदंती स्त्रीमूर्ती. गळ्यात, हातापायांत दागिने ल्यालेली अशाच घडणीची एक मूर्ती इटलीत पॉम्पेईला मिळाली आहे. व्हेसुव्हियसच्या राखेने पॉम्पेई इ.स. ७९ मध्ये गाडलं, त्यामुळे ती त्याआधीची हे नक्की. एका ठिकाणच्या ज्वालामुखीने दुसऱ्या ठिकाणच्या कारागिरीचा काळ ठरवायला मदत करावी, असे योग पुरातत्त्वात क्वचित येतात.

तेरच्या वस्तूंचा मोठा संग्रह रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवला. गावातलं शासकीय वस्तुसंग्रहालय त्यांच्याच नावाचं आहे. खोदकामात नव्हे, तर जमिनीच्या पृष्ठभागावर मिळालेल्या वस्तूंची मात्र एक अडचण असते. वस्तू कोणत्या थरातली हे कळलं नाही, तर तिचा काळ घडणीवरूनच ताडावा लागतो. पण त्यांनी त्या उचलल्याच नसत्या, तर कितीतरी नांगराखाली फुटल्या असत्या.

गावातलं त्रिविक्रम मंदिर तर उभा पुरावाच. विटांचं बांधकाम, मागची बाजू अर्धगोल. मूळचा हा बौद्ध चैत्य, म्हणजे प्रार्थनास्थान असावा, असं अनेक अभ्यासक मानतात.

पुढे शहर ओसरलं, पण नावाची पत टिकली. कोकणात राज्य करणारे शिलाहार स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवत राहिले. सत्ता समुद्रकाठी, बिरुद तेरणाकाठचं!

यादव आणि बहमनी काळ ओलांडून याच जिल्ह्यातल्या नळदुर्गच्या किल्ल्यात येऊ. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, इथे बोरी नदीवर बंधारा घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला. नदी भरली की ‘नर’ आणि ‘मादी’ धबधब्यांचं पाणी महालाच्या पुढ्यात कोसळतं आणि आतला माणूस कोरडा राहतो. पाणी बंधाऱ्याला न खाता दूर पडावं, ही काळजी त्या रचनेत दिसते.

जिल्ह्यातलाच परंडा किल्ला काही काळ अहमदनगरच्या निजामशाहीची राजधानी होता. १५४९ साली अहमदनगरला ओतलेली अजस्र ‘मुलुखमैदान’ तोफ याच किल्ल्यात होती. १६३२ मध्ये ती विजापूरला नेली, आणि आजही तिथेच आहे.

१८५३ साली तर अख्खा मुलूखच तारण गेला. हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चाची थकबाकी हैदराबादच्या निजामाला फेडता येईना, म्हणून ईस्ट इंडिया कंपनीने वऱ्हाड आणि कृष्णा-तुंगभद्रेमधल्या रायचूर दुआबाबरोबर धाराशिवचा हा भागही ताब्यात घेतला. मेडोज टेलर हा अधिकारी नळदुर्गला कारभार पाहायला आला. १८५७ मध्ये निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिला, त्याची बक्षिसी म्हणून १८६० साली धाराशिव आणि रायचूर दुआब त्याला परत मिळाले. वऱ्हाड मात्र इंग्रजांनी सोडलं नाही. तिथे कापूस पिकत होता.